यमुना जिये अभियान : वाहत्या नदीसाठी झालेल्या लोकप्रयत्नांचा इतिहास

समुद्रात वाढणारे आणि अंडी घालण्यासाठी नदीच्या प्रवाहाविरुद्ध शेकडो किलोमीटर वर चढून येणारे मासे ज्या नदीत पुन्हा दिसू लागतात ती नदी जिवंत झाली, असे मानण्याचा प्रघात विसाव्या शतकात युरोप आणि उत्तर अमेरिकेत पडला, आणि तेथील अनेक नद्यांच्या पुनरुज्जीवनाची कसोटी सामन हाच मासा ठरला. भारतीय नद्यांत सामन नाही. आपल्याकडे इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणून विकला जाणारा रावस हा वेगळ्याच कुळातला समुद्री मासा आहे. तथापि सामनप्रमाणेच खारे पाणी सोडून गोड्या पाण्यात प्रजननासाठी चढणारा, म्हणजेच नदीआरोही, असा एक मासा गंगेच्या खोऱ्यात आहे. बंगालीत त्याला इलिश, हिंदीत हिलसा आणि कोकणात पाला म्हणतात. हा हिलसा एके काळी गंगेतून यमुनेत शिरून आग्र्यापर्यंत आणि क्वचित दिल्लीपर्यंत येत असे, ही गोष्ट आजच्या दिल्लीकराला सांगितली तर खरी वाटणार नाही. त्या अविश्वासातच यमुनेच्या अवस्थेचे पुरेसे वर्णन आहे, आणि यमुना जिये अभियान या चळवळीचा इतिहास तेथूनच सुरू करणे योग्य ठरते.

हिलशाची वाट प्रथम खालच्या बाजूने बंद झाली. पश्चिम बंगालमधील फरक्का येथे गंगेवर सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा बराज, म्हणजे दरवाजांनी पाणी अडवणारा व वळवणारा बंधारा, १९७५ मध्ये कार्यान्वित झाला आणि त्याच्या वरच्या अंगाला हिलसा जवळजवळ दिसेनासा झाला. वरच्या बाजूची कथा महसीर या माशाची आहे. महसीर समुद्रात जात नाही, परंतु पावसाळ्यात पाणी वाढले की थंड, खळाळत्या, दगडगोट्यांच्या तळाच्या वरच्या प्रवाहांत अंडी घालण्यासाठी चढतो. त्याचीच दख्खनी जात महाराष्ट्रात खडशी म्हणून ओळखली जाते. हिमालयाच्या पायथ्याशी यमुना जेथे मैदानात उतरते तेथे सोनेरी महसिराचा वावर होता. पण एकामागून एक उभ्या राहिलेल्या बंधाऱ्यांनी त्याचाही संचार तोडला. म्हणजे दिल्लीची यमुना दोन्ही टोकांकडून बंद झाली, आणि मधल्या पट्ट्यात जे पाणी उरले त्यात माशाला श्वास घेणेही अवघड झाले.

हे कसे घडले, ते थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण अभियानाची सारी भूमिका या कारणमीमांसेवर उभी आहे. यमुनोत्रीपासून प्रयागराजपर्यंत यमुनेची लांबी १३७६ किलोमीटर आहे. हरियाणातील हथनीकुंड येथे, जुन्या ताजेवाला बंधाऱ्याच्या जागी १९९० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेल्या बराजपाशी, तिचे पाणी उजवीकडे पश्चिम यमुना कालव्यात आणि डावीकडे पूर्व यमुना कालव्यात वळवले जाते. पश्चिम कालव्याचे मूळ चौदाव्या शतकातील फिरोजशाह तुघलकापर्यंत जाते, म्हणजे पाणी वळवणे या नदीला नवे नाही. नवे आहे ते कोरड्या महिन्यांत जवळजवळ सारेच पाणी वळवणे. मराठी वाचकाला येथे पानिपताच्या मोहिमेची आठवण होणे स्वाभाविक आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांचे सैन्य कुंजपुऱ्यापाशी होते आणि अब्दाली पलीकडच्या तीरावर होता, तेव्हा या दोन फौजांना वेगळे ठेवणारी होती ती पुराने भरलेली यमुना, आणि अब्दालीने बागपतजवळ ती पार केली तेव्हाच युद्धाचे पारडे हलले. कुंजपुरा आणि बागपत ही दोन्ही ठिकाणे आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात, आणि पावसाळा संपून काही महिने लोटले की त्याच पट्ट्यात नदीचे पात्र कित्येक ठिकाणी पायी ओलांडता येते.

दिल्लीत शिरताना पल्ला या गावापाशी नदीत पुन्हा काही जीव असतो. वझिराबादच्या बराजपाशी शहराच्या पिण्यासाठी पाणी उचलले जाते, आणि त्याच्या लगेच खाली नजफगड नाला नदीला मिळतो. हा नाला मुळात साहिबी नावाची नदी होती, हे आता नकाशांनाही आठवत नाही. वझिराबाद ते ओखला हा केवळ २२ किलोमीटरचा पट्टा, नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहून कमी, पण यमुनेच्या प्रदूषणभाराचा सुमारे तीन-चतुर्थांश हिस्सा येथेच पडतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू, ज्याला विद्राव्य ऑक्सिजन म्हणतात, तो दर लिटरला किमान ४ मिलिग्रॅम असला तर मासे व इतर जलचर वाढू शकतात, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. या पट्ट्यात तो वारंवार शून्यावर येतो. वरून येणारा प्रवाहच नसल्याने सांडपाणी सौम्य करायला नदीपाशी पाणीच उरत नाही, आणि ओखल्याला नदी म्हणून जे दिसते ते बहुतांशी नाल्यांचे पाणी असते.

शासनाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. १९९३ मध्ये जपानच्या कर्जसाहाय्याने यमुना कृती योजना सुरू झाली, तिचे पुढचे टप्पे आले, आणि १९९४ मध्ये एका इंग्रजी दैनिकातील मैल्या यमुनेवरील लेखाची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मात्र या सर्व उपाययोजनांत नदी म्हणजे सांडपाण्याचा प्रश्न, आणि उत्तर म्हणजे शुद्धीकरण केंद्रे, ही समजूत गृहीत होती. त्याच वर्षी मे महिन्यात पाच राज्यांनी यमुनेच्या पाणीवाटपाचा करार केला, त्यात नदीसाठी सोडायच्या किमान प्रवाहाचा उल्लेख आला खरा. परंतु वाटपात खरे भागीदार होते ते कालवे आणि शहरे, नदी शेवटी उरलेल्या पाण्याची धनी ठरली. २००४ मध्ये यमुना पुश्त्यावरील, म्हणजे नदीकाठच्या बंधाऱ्यालगतच्या, हजारो झोपड्या हटवण्यात आल्या, आणि पुढच्याच वर्षी त्याच पूरमैदानात भव्य मंदिरसंकुल लोकांसाठी खुले झाले. गरिबांची वस्ती नदीला घातक आणि सिमेंटचे बांधकाम नदीला निरुपद्रवी, हा न्याय अनेकांना बोचत होता.

या पार्श्वभूमीवर २००७ मध्ये यमुना जिये अभियान सुरू झाले. ही नोंदणीकृत संस्था नव्हती. पीस इन्स्टिट्यूट चॅरिटेबल ट्रस्ट आणि दिल्लीतील इतर काही पर्यावरणसंस्था व व्यक्ती यांची ती एकत्रित मोहीम होती, आणि तिचे संयोजक होते मनोज मिश्र. मिश्र हे भारतीय वनसेवेतील मध्य प्रदेश संवर्गाचे अधिकारी. वन्यजीवांच्या चोरट्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेच्या भारतातील कामाची धुरा त्यांनी सांभाळली होती आणि २००१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. वनाधिकाऱ्याची दृष्टी त्यांच्या लेखनात आणि युक्तिवादांत सतत जाणवते, कारण त्यांच्यासाठी नदी म्हणजे पाण्याचा नळ नसून अधिवास होता, आणि अधिवासाचे क्षेत्र पात्रापुरते नसते. मोहिमेच्या नावातच ही भूमिका आहे: ‘जिये’ म्हणजे जगो. ‘स्वच्छ होवो’ असे म्हणणे सोपे होते, आणि तसे म्हणणाऱ्या मोहिमा दिल्लीत पुष्कळ होत्या.

अभियानाची पहिली मोठी लढाई २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या क्रीडाग्रामाविरुद्ध झाली. यमुनेच्या पूर्व तीरावर, खादर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, हे निवासी संकुल उभे राहणार होते. खादर म्हणजे नदी जेथे पुरात पसरते आणि दर पावसाळ्यात नवा गाळ टाकते ती सखल जमीन. तिच्याहून उंच, जुन्या गाळाच्या जमिनीला बांगर म्हणतात. महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला मळई म्हणतात आणि जेथे तो पाणी ओसरल्यावर गाळपेर करतो, त्याच्याशी खादराचे नाते आहे, फक्त येथे त्याचा विस्तार कित्येक किलोमीटर रुंद आहे. पुराचे पाणी खादरात पसरून मुरते, भूजल भरते आणि उन्हाळ्यात हळूहळू नदीला परत मिळते. माशांची पिल्लेही अशाच उथळ, मंद पाण्यात वाढतात. ऑगस्ट २००७ मध्ये जलसंवर्धक राजेंद्र सिंह यांच्यासह अनेक कार्यकर्त्यांनी नदीपात्रालगत यमुना सत्याग्रह आरंभला आणि त्यात खादरातील शेतकरीही सामील झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २००८ च्या निकालात तज्ज्ञ समितीकडून तपासणीचा आदेश दिला, परंतु सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २००९ रोजी तो रद्द ठरवला आणि क्रीडाग्राम पूर्ण झाले. ही लढाई अभियान हरले. तरीही पूरमैदान हा शब्द दिल्लीच्या वृत्तपत्रांत आणि न्यायालयांत त्या दोन वर्षांत रुळला, आणि पुढच्या लढाईची भाषा तयार झाली.

२०१२ मध्ये मिश्र यांनी राष्ट्रीय हरित लवादापुढे अर्ज केला. त्याचे तात्कालिक कारण मर्यादित होते: बांधकामाचा राडारोडा ट्रक भरभरून नदीकाठी टाकला जात होता. मात्र सुनावणी पुढे सरकली तसा विषय विस्तारत गेला, लवादाने तज्ज्ञांची मदत घेतली, ज्यांत परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. आर. बाबू आणि ब्रिज गोपाल यांचा समावेश होता, आणि १३ जानेवारी २०१५ रोजी ‘मैली से निर्मल यमुना पुनरुज्जीवन योजना २०१७’ या नावाने ओळखला जाणारा निकाल आला. राडारोडा टाकणाऱ्यास ५०,००० रुपये आणि पूजासाहित्य टाकणाऱ्यास ५,००० रुपये दंड, या बाबीची बातमी सर्वाधिक झाली. या प्रकरणाचे खरे महत्त्व दोन वेगळ्या आदेशांत आहे. पहिला पूररेषेचा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोहोचते तेथवर पूरमैदान आखावे आणि त्यात बांधकाम होऊ देऊ नये, असे लवादाने सांगितले. महाराष्ट्रात पाटबंधारे खाते जिला निळी पूररेषा म्हणते ती हीच. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकास तिचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. दुसरा आदेश प्रवाहाचा. हथनीकुंडातून नदीच्या मूळ पात्रात दर सेकंदाला १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर, पाणी सोडले जावे, असे लवादाने बजावले. १९९४ च्या करारातील आकडा तोच होता, पण तेव्हा ती राज्यांची आपसातली समजूत होती आणि आता तो आदेश झाला. नंतर रुडकी येथील राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने या १० च्या जागी कोरड्या महिन्यांत २३ घनमीटरची शिफारस केली, त्यामुळे नदीसाठी मागितलेले पाणी अवास्तव नव्हते, उलट कमीच होते, हे स्पष्ट झाले.

या निकालाच्या एका भागाविषयी मात्र स्पष्टपणे लिहिले पाहिजे. प्रदूषित पाण्यावर वाढलेल्या भाजीपाल्यातून जड धातू माणसाच्या पोटात जातात, या कारणास्तव लवादाने दिल्लीच्या पूरमैदानात खाद्यपिके घेण्यास बंदी केली. आरोग्याच्या दृष्टीने कारण योग्य होते. पण पिढ्यान्‌पिढ्या खादर कसणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला, त्यांनी न केलेल्या प्रदूषणाची शिक्षा आली, आणि सत्याग्रहात नदीच्या बाजूने बसलेल्या शेतकऱ्याला नदीच्याच नावाने उठवले गेले. खादराची शेती ही काँक्रीटपासून खादर वाचवणारी सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ व्यवस्था होती. मल्लाह समाजाच्या मच्छीमारांचेही तसेच झाले, त्यांचा व्यवसाय तर कोणत्याही बंदीशिवाय, पाण्यातील प्राणवायूबरोबर संपला होता. नदीचे पुनरुज्जीवन मागणाऱ्या चळवळीने नदीवर जगणाऱ्यांचा प्रश्न आपल्या मागणीच्या केंद्रस्थानी अधिक ठामपणे ठेवायला हवा होता, असे या इतिहासाकडे पाहताना म्हणावे लागते.

मार्च २०१६ मध्ये पूरमैदानावर भरलेल्या एका प्रचंड सांस्कृतिक महोत्सवाविरुद्ध अभियानाने पुन्हा लवादाकडे धाव घेतली. महोत्सव झाला, आयोजकांवर ५ कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई बसली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये लवादाने झालेल्या हानीची जबाबदारी त्यांच्यावर निश्चित केली. उत्तराखंडातील नियोजित लखवार धरणाविरुद्धही मिश्र यांनी अर्ज केला होता. दिल्लीला पाणी देण्यासाठी डोंगरात आणखी एक उंच भिंत उभारणे म्हणजे महसिराच्या उरल्यासुरल्या वाटा बुजवणे, ही त्यामागची भूमिका होती.

न्यायालयीन कामाइतकेच महत्त्वाचे, पण वृत्तपत्रांत कमी आलेले, काम गावांत झाले. यमुना आणि तिच्या उपनद्यांच्या काठच्या गावांत पीस इन्स्टिट्यूटने नदी मित्र मंडळी उभ्या केल्या. गावातील स्त्रीपुरुष, शेतकरी, शिक्षक आणि शाळकरी मुले एकत्र येऊन आपल्या गावापुरत्या नदीची पाहणी करतात, पाणी कसे दिसते, कोणते पक्षी आणि मासे आढळतात याची नोंद ठेवतात आणि वाळूउपसा किंवा कारखान्याचे पाणी आढळले तर तक्रार करतात. यमुनानगर जिल्ह्यातील कनालसी हे अशा गावांपैकी एक. तेथील थपाना ही झऱ्यांवर जगणारी छोटी नदी आहे आणि यमुनेच्या प्रवाहाला ती बारमाही पाणी देते. उत्तर प्रदेशातील शामली जिल्ह्यातल्या रामडा गावातही अशी मंडळी होती. दिल्लीच्या नदीचे भवितव्य दिल्लीबाहेरच्या अशा लहान प्रवाहांवर अवलंबून आहे, हे राजधानीत फार थोड्यांना पटलेले सत्य या गावांना प्रत्यक्ष ठाऊक होते.

या कामाला ब्रिटनमधील थेम्स नदीच्या पुनरुद्धारासाठी झटणाऱ्या न्यासाची साथ मिळाली. २०१० मध्ये थेम्सला आंतरराष्ट्रीय नदी पुरस्कार मिळाला आणि त्यातील निधीचा काही भाग इतर देशांतील नद्यांशी सहकार्यासाठी ठेवला गेला. थेम्सचा अनुभव यमुनेला उपयोगी आहे, आणि तो केवळ स्फूर्तीसाठी सांगितला जातो त्याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. १९५७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या तज्ज्ञांनी थेम्सचा लंडनमधील भाग जैविकदृष्ट्या मृत असल्याचे नोंदवले होते. सांडपाण्याची व्यवस्था सुधारली, प्राणवायू परतला आणि १९७४ मध्ये एका वीजकेंद्राच्या पाणी घेण्याच्या जाळीत सामन सापडला, तो सुमारे १४० वर्षांनंतरचा पहिला मानला गेला. १९७९ पासून सामनची पिल्ले नदीत सोडण्याची योजना सुरू झाली, बंधाऱ्यांवर माशांना चढता यावे म्हणून पायऱ्यांसारखे मत्स्यमार्ग बांधले गेले, आणि १९९३ मध्ये परतलेल्या सामनची संख्या ३३८ वर गेली. त्यानंतर ती घसरत गेली आणि २००५ मध्ये एकही नोंदला गेला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले की थेम्समध्ये नंतर आलेले सामन हे सोडलेल्या पिल्लांचे वंशज नसून दक्षिण इंग्लंडच्या शेजारच्या नद्यांतून भटकत आलेले होते. म्हणजे पिल्ले सोडून मासा परत येत नाही. पाणी पुरेसे, थंड आणि वाहते असेल आणि वाट मोकळी असेल तर तो स्वतः वाट शोधतो.

हाच धडा यमुनेला लागू करताना भारतातील मत्स्यसंवर्धनाच्या प्रयोगांकडे पाहिले पाहिजे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा समूहाच्या वीज कंपनीने कित्येक दशकांपूर्वी महसिराचे बीज तयार करण्याचे केंद्र उभारले आणि तेथून देशभरातील जलाशयांना पिल्ले दिली गेली. ते मोठे आणि आदरणीय काम आहे. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेने अलीकडच्या काळात नमामि गंगे योजनेखाली फरक्क्याच्या वर हिलसा सोडण्याचा कार्यक्रम राबवला. या प्रयत्नांची गरज नाकारता येत नाही, पण ते वाहत्या नदीला पर्याय ठरू शकत नाहीत. इटाव्याजवळ चंबळ मिळते तेथे यमुना पुन्हा भरते, सुसर म्हणजेच घडियाल तेथील पाण्यात राहते, आणि दिल्लीहून खाली वाहत गेलेली नदी चंबळच्या उपकाराने पुढे प्रयागराजला पोहोचते. जेथे पाणी आले तेथे जीव आला, हे यमुनेने स्वतःच दाखवून दिले आहे. यमुना जिये अभियानाने माशाच्या नावाने मोहीम चालवली नाही. परंतु हथनीकुंडातून पाणी सोडा, पूरमैदान मोकळे ठेवा आणि नव्या भिंती बांधू नका, या त्याच्या तिन्ही मागण्या माशाच्या वाटेच्याच मागण्या आहेत, आणि म्हणून दिल्लीच्या नदीसाठी झालेल्या प्रयत्नांत हे अभियान मुळाशी गेलेले ठरते.

२०१४ पासून मिश्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील नदीकार्यकर्त्यांसाठी इंडिया रिव्हर्स वीक हा मेळावा दिल्लीत भरवायला सुरुवात केली. पहिल्या मेळाव्याच्या संयोजनात माजी जलसचिव रामस्वामी अय्यर यांचे मार्गदर्शन होते. ४ जून २०२३ रोजी मनोज मिश्र यांचे निधन झाले. त्यानंतर सहाच आठवड्यांच्या आत, १३ जुलै रोजी, जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेने २०८.६६ मीटरची पातळी गाठली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. पाणी रिंगरोडवर, काश्मिरी गेटपाशी आणि लाल किल्ल्याच्या भिंतीपर्यंत आले. ज्या जमिनीला मिश्र पंधरा वर्षे नदीची जमीन म्हणत होते, ती नदीने तीन दिवसांत आखून दाखवली.

हिलसा अजून दिल्लीत परतलेला नाही. दिल्ली प्रदूषण नियंत्रण समिती यमुनेच्या पाण्याचा मासिक अहवाल प्रसिद्ध करते. त्यात पल्ला, वझिराबाद आणि ओखला येथील विद्राव्य ऑक्सिजनचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. राजधानी क्षेत्रातील मराठी कुटुंबांनी दर महिन्याला हे तीन आकडे पाहावेत, आणि ओखल्याचा आकडा ४ च्या खाली असेल तोवर आपल्या लोकप्रतिनिधीला हथनीकुंडातून किती पाणी सोडले जात आहे, हा प्रश्न लेखी विचारत राहावे.